कर्बबंधाचा अर्ज

शके अठराशे पासष्टच्या वैशाखात भोर गावी जो उकाडा झाला, त्याचे कारण साऱ्या गावात एकट्या दीनानाथपंत मास्तरांस ठाऊक होते. आणि जे एकट्यासच ठाऊक असते ते दुसऱ्यास सांगितल्यावाचून माणसाच्या जिवास स्वस्थता लाभत नाही. पुढे जे काही घडले त्याचे मूळ एवढेच.

मास्तरांनी तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले होते. ह्या तीस वर्षांत त्यांचे बोलणे कोणी मनापासून ऐकले, असा एकही दिवस त्यांस आठवत नव्हता. निवृत्तीनंतर वाचनालयात ‘समासांचे सौंदर्य’ ह्या विषयावर त्यांनी एक व्याख्यान दिले. त्यास पाच श्रोते आले. दोघे झोपले, दोघे एकमेकांत कुजबुजत राहिले आणि पाचवा कंदील परत न्यावयास आलेला होता. रॉकेल तेव्हा मापून मिळत असल्यामुळे त्याने द्वंद्व समास संपण्यापूर्वीच कंदील नेला. मास्तरांनी बहुव्रीहि अंधारात सांगितला. तेव्हापासून त्यांच्या अंतःकरणात एकच इच्छा होती. आयुष्यात एकदा, निदान एकदा तरी, आपण बोलावे आणि लोकांनी ते प्रमाण मानावे.

अशात वाचनालयातील एका जुन्या मासिकात त्यांस तो लेख मिळाला. विलायतेतील वाफेच्या यंत्रांचा कोणी एक जाणकार गृहस्थ फावल्या वेळात ठिकठिकाणचे उष्णतामान जुळवीत बसला होता, आणि गेल्या पन्नास वर्षांत पृथ्वी किंचित तापली आहे, असे त्याच्या ध्यानात आले होते. कारण असे की, दगडी कोळसा जाळल्याने जो कर्बवायू निघतो, तो सूर्याचे ऊन आत येऊ देतो. परंतु तापलेल्या जमिनीची ऊब बाहेर जाऊ लागली की तिला अडवितो. त्या गृहस्थाच्या मते हे चांगलेच होते. थंड देशात राहणाऱ्यास दुसरे काय वाटणार? मास्तरांनी तो लेख तीन वेळा वाचला, उपरण्याने मानेवरचा घाम टिपला, आणि आपला विषय आपल्यास मिळाला हे जाणले.

घरी आल्यावर त्यांनी ही वार्ता प्रथम सौदामिनीबाईंच्या कानी घातली.

“अहो, वैशाखात उकडतं, हे सांगायला व्याख्यान कशाला?” सौदामिनीबाई कुरडयांचा चीक ढवळीत म्हणाल्या.

“उकडतं हे सर्वांस ठाऊक आहे. का उकडतं, हे सांगायचं आहे.”

“का ते कळलं की कमी उकडेल का?”

मास्तरांनी उपरणे खांद्यावर टाकले आणि ते शेजारच्या रघुवीररावांकडे गेले. रघुवीररावांनी उभा जन्म कचेरीच्या दफ्तरात घालविला होता. सल्ला देण्यासाठी त्यांस विषय समजून घेण्याची गरज कधी पडत नसे.

“दिवस वाईट आहेत, मास्तर,” ते सुपारी कातरीत म्हणाले. “लढाई चालू आहे, दोन माणसं ओट्यावर बोलत बसली तरी नोंद होते. आधी परवानगीचा अर्ज करा. आणि अर्ज मोडीत करा. बाळबोध लिपीतला अर्ज पाहिला की कारकुनास वाटतं, हा कोणी शाळकरी आहे.”

मास्तरांनी अर्ज मोडीत केला. केवळ ‘हवा तापते’ असे लिहिणे त्यांच्या विद्येस शोभले नसते. त्यांनी एक संपूर्ण सकाळ खर्चून विषयास नाव दिले: ‘कर्बबंध व भूतलाचा ताप’. कर्बाने घातलेला बंध, तो कर्बबंध. शब्द इतका घोटीव साधला होता की तो त्यांनी टाक न उचलता एका झोकात लिहिला. मोडी लिपी मुळातच घाईच्या माणसांसाठी जन्मलेली. तीत रफार, जोडाक्षर आणि ऱ्हस्वदीर्घ ह्यांची प्रतिष्ठा फारशी राखली जात नाही. त्यात मास्तरांनी टाकही उचलला नव्हता. चार दिवसांनी शिपाई घरी आला आणि फौजदारसाहेबांनी ताबडतोब बोलाविले आहे, असे दारातूनच ओरडून सांगून गेला. आळीतील सर्व खिडक्या एकाच वेळी उघडल्या.

आनंदराव फौजदार पोक्त गृहस्थ होते. अर्ज त्यांच्यासमोर उघडा पडलेला होता.

“बसा मास्तर. माझ्या धाकट्या भावास तुम्ही शिकवलंत, म्हणून खुर्ची देतो आहे. करबंदी केव्हापासून सुरू करणार?”

“करबंदी?” मास्तरांच्या कपाळावरची शीर उडाली. “करबंदी नव्हे हो, कर्बबंध! कर्बाने बंध. तृतीया तत्पुरुष.”

फौजदारांनी टाक उचलला. “हा तत्पुरुष कोण? भोरचाच का?”

“तो समास आहे.”

“समास आडनाव?”

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तीस वर्षे केलेल्या अध्यापनाचे फळ ते मिटल्या डोळ्यांनी पाहत होते. मग त्यांनी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले की, पृथ्वीभोवती ह्या वायूची जणू गोधडी पसरली आहे, आणि ती दिवसेंदिवस जाड होत आहे.

“ही गोधडी घातली कोणी?”

“दगडी कोळसा जाळणारांनी. गिरण्या, आगगाड्या, आगबोटी. मुख्यत्वेकरून विलायतेनं.”

टाक पुन्हा खाली ठेवला गेला. “म्हणजे अखेर सरकारविरुद्धच आलं की.”

“वायू कोणाच्याच विरुद्ध नाही, साहेब!”

“मग त्यावर बोलायचं कशास?”

अर्धा तास असा संवाद झाल्यावर दोघेही थकले. फौजदार स्वभावाने वाईट नव्हते. ते म्हणाले, “हे पाहा, भोरात मी परवानगी देत नाही. इथं लोक शिकलेले, त्यांना अर्धं कळेल. अर्धं कळणं फार वाईट. तुम्ही वेल्ह्याकडे जा, मार्गासनीला करा. तिथं कोणास काही कळायचं नाही. तुमची हौस फिटेल, आमचा घोर मिटेल. पाटलास पत्र देतो.”

ज्या गावी कोणास काही कळणार नाही त्या गावी आपणांस पाठविण्यात येत आहे, हा अपमान मास्तरांनी गिळला. कारकुनाने तेथल्या तेथे पत्र लिहिले: ‘दीनानाथ मास्तर धुराविषयी सांगतील. लोकांस जमवून ऐकवावे. कसूर होऊ नये.’ शेवटचे तीन शब्द त्या कारकुनाने चोवीस वर्षांत एकाही पत्राखालून वगळले नव्हते. हात थांबण्यापूर्वी ते आपोआप उमटत. मास्तरांनी ते वाचले, आणि आपल्या व्याख्यानाची कचेरीने एवढी कदर केली, ह्याचे त्यांस उलट समाधानच वाटले.

मार्गासनीचा प्रवास नसरापूरवरून. पेट्रोल लढाईवर गेलेले, त्यामुळे सर्व्हिस मोटार कोळशावर चाले. गाडीच्या पाठीमागे उंच लोखंडी पिंप बसविलेले असे. त्यात लाकडी कोळसा पेटवून त्याच्या वायूवर ती चाले, म्हणजे बऱ्याच अंशी चालत नसे. पहिल्याच चढावर गाडी उभी राहिली. भिमा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने पिंपाशेजारच्या पंख्याचा दांडा मास्तरांच्या हाती दिला.

“मास्तर, तुमी मागंच बसलायसा, जरा फिरवा. विस्तू निवला.”

“बाबा रे, मी ह्याच धुरावर बोलायला निघालो आहे.”

“मंग तुमाला म्हायती आसंल की! फिरवा बिगी बिगी.”

पृथ्वीची गोधडी जाड होऊ नये म्हणून निघालेला तो वृद्ध ब्राह्मण नसरापूर येईतो चार वेळा तो पंखा फिरवीत उभा राहिला. पांढरा अंगरखा काळा झाला, पागोटे काळे झाले, आणि घामाच्या ओघळांमुळे मुखावर पांढऱ्या रेघा तेवढ्या उरल्या. नसरापुरापासून पुढे बैलगाडी मिळाली. बैलांचे तोंड पाहून मास्तरांस गहिवरून आले.

मार्गासनीच्या देवळापुढे सबंध गाव जमला होता. पाटील कुंडलिक ह्यांनी ‘कसूर होऊ नये’ हे शब्द दवंडीत दोनदा घातले होते. मास्तर गाडीतून उतरले तेव्हा सभेत शांतता पसरली.

“धुराचा सायब दिसतोय,” म्हातारी साळूबाई पदराआडून म्हणाली. “त्वांडावरनंच कळतंय.”

मास्तर बोलू लागले. सूर्य, ऊन, जमीन, ऊब, कर्बवायू आणि गोधडी. झाडे तोच वायू खातात आणि त्याचाच पाला करतात, हेही त्यांनी सांगितले. कोणी झोपले नाही. कोणी कुजबुजले नाही. दीडशे माणसे डोळे न लववता ऐकत होती. मास्तरांच्या वाणीस असा ओघ आयुष्यात कधी आला नव्हता. अखेरीस पुढे बसलेला गेनबा हात जोडून उठला. आयुष्य भातशेतीत गेलेला, पाठीत वाकलेला, पण नजरेने तल्लख असा हा म्हातारा गावात वडीलधारा होता.

“मास्तर, आमच्या चुलीचा धूर बी त्या वाकळंत जातो का?”

श्रोत्याने प्रश्न विचारला! मास्तर एक पाऊल पुढे आले. “जातो. कणमात्र का होईना, जातो.”

“आन भातासाठी राब भाजतो, त्येचा?”

“राबाचाही जातो. धूर तितका सारखाच. विलायतेत एक गृहस्थ त्याची मोजणी करीत बसलेला आहे.”

मोजणी ह्या शब्दाचा विलायतेत काय अर्थ असेल तो असो. मावळात मोजणी एकाच गोष्टीची, जमिनीची होते, आणि ती झाली म्हणजे मागून सारावाढ येते, हे तेथे पाळण्यातल्या पोरासही समजते. सभा निमूट उठली. जाताना प्रत्येकाने मास्तरांस लवून नमस्कार केला. मास्तर परतीच्या वाटेवर पंखा फिरवितानाही प्रसन्न होते. घरी येऊन त्यांनी सौदामिनीबाईंस सांगितले, “ऐकलं हो लोकांनी. शब्द न् शब्द ऐकला.”

तो ऐकला होता ह्याची प्रचीती पुढील आठवड्यात आली. एके दुपारी गेनबा आणि साळूबाई मास्तरांच्या ओट्यावर येऊन टेकले. दोघांचे पाय धुळीने माखले होते. साळूबाईने फडक्यात बांधून आणलेली करवंदे सौदामिनीबाईंच्या पुढ्यात ठेवली.

“मास्तर,” गेनबा म्हणाला, “राबावर किती बसवलाय त्येवढं सांगा. म्हंजे भाजायचा का न भाजायचा ते ठरवता यील.”

“काय बसवला आहे?”

“कर. कर-वायूचा कर. तुमीच न्हवं का सांगितलंसा?”

आणि मग हळूहळू सर्व उलगडा झाला. मावळात भाताचे रोप टाकावयाच्या वाफ्यावर शेण, पाला आणि फांद्या पसरून त्यावर माती टाकतात आणि वैशाखात ते जाळतात. ह्यास राब भाजणे म्हणतात. राब भाजला तर तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते, आणि मृगात टाकलेले रोप तरारून वर येते. न भाजला तर रोपाआधी तण येते आणि आश्विनात घरात भात येत नाही. मार्गासनीत त्या दिवसापासून एकही राब पेटला नव्हता. वार्ता शेजारच्या पाली गावापर्यंत गेली होती आणि तेथेही लोक हात बांधून बसले होते.

“बाया चुलीम्होरं घोंगडं बांधून सयपाक करत्यात,” साळूबाई म्हणाली. “माजी सून धूर पदरानं दाबाय गेली, तर पदरच जळाला. सायबाला दिसू ने म्हनून समदं.”

“आभाळ भरून यायलंय, मास्तर,” गेनबा म्हणाला. “मिरगाला आठ दिस हायती. त्यात एक जरी सर आली तरी राब भिजला.”

 आपले बोलणे कोणी प्रमाण मानावे, ही मास्तरांची जन्मभराची इच्छा पूर्ण झाली होती, आणि तिच्यापायी दोन गावे उपाशी राहणार होती. उकाडा तसाच होता.  त्यांनी पागोटे चढविले आणि ते कचेरीत गेले.

“राबास बंदी नाही, असा एक हुकूम द्या,” ते कारकुनास म्हणाले.

“बंदीच्या हुकुमाचा क्रमांक?”

“बंदीचा हुकूम निघालाच नाही.”

“मग रद्द काय करायचं?”

“निघाला नाही, एवढंच लिहून द्या.”

कारकुनाने चष्मा कपाळावर सरकविला. “मास्तर, जे हुकूम निघाले नाहीत त्यांची नोंद कचेरी ठेवू लागली, तर दफ्तरासाठी दुसरी इमारत बांधावी लागेल.”

फौजदार गावात नव्हते. घरी रघुवीरराव सल्ला घेऊन बसलेच होते. त्यांचे म्हणणे असे की, आता मास्तरांनी स्वतःविरुद्ध एक तक्रार करावी, म्हणजे चौकशीत सर्व आपोआप स्पष्ट होईल.  सौदामिनीबाईंनी मात्र मास्तरांच्या पिशवीत दशम्या बांधल्या आणि जुना, आधीच काळा झालेला अंगरखा पुढे केला.

“हा घाला. पंखा फिरवावा लागेल.”

लागलाच. ह्या खेपेस भिमाने दांडा पुढे करण्यापूर्वीच मास्तर खाली उतरून उभे होते. गेनबा नि साळूबाई गाडीतून मान बाहेर काढून पाहत होते.

“मास्तर सोताच धूर करत्यात की!” साळूबाई हळूच म्हणाली.

“गप. ते मोजत आसतील,” गेनबा म्हणाला.

मार्गासनीस पोहोचल्यावर मास्तरांनी गावास गेनबाच्या राबापाशी बोलाविले. त्यांनी सांगितले की, बंदी नाही, कर नाही, आणि आपण जे बोललो त्याचा अर्थ तसा नव्हता. मोडीतल्या अर्जामुळे कचेरीत कर्बबंधाची करबंदी कशी झाली, तेही त्यांनी सांगितले. लोकांनी ते आदरपूर्वक ऐकून घेतले. पण कोणी जागचा हलला नाही.

कुंडलिक पाटील खाकरले. “त्ये खरं. पर पयल्या कागदावर ‘कसूर होऊ नये’ आसं व्हतं. तसलाच दुसरा कागद पायजे.”

“तसला कागद मिळत नाही, पाटील. मी विचारून आलो.”

“मंग कसं करावं?”

मास्तरांनी आकाशाकडे पाहिले. तोरण्याच्या अंगास ढगांची काळी किनार धरली होती. “राब मी पेटवितो. दंड झाला तर मला होईल.”

त्यांनी जन्मात चूलसुद्धा पेटविली नव्हती. साळूबाईने घरातून पेटती गोवरी आणून दिली. ती त्यांनी दूर धरून, तोंड फिरवून, वाऱ्याच्या बाजूने राबाच्या कडेस लावली. सगळे गाव एकदम ओरडले.

“आवं, तिकडनं न्हाई! भडका उडंल नि माती कच्ची ऱ्हाईल! खालच्या अंगानं, वाऱ्याच्या उलटं!”

मास्तरांनी घाईने वळण घेतले, तसे उपरण्याचे टोक गोवरीवर आले आणि भुर्रकन पेटले. गेनबाने ते हिसकावून पायाखाली तुडविले. उरलेले अर्धे उपरणे मास्तरांनी पुन्हा खांद्यावर नीट घातले, कारण दीडशे माणसांसमोर उघड्या खांद्याने उभे राहणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते, आणि दुसऱ्या बाजूस जाऊन त्यांनी पाला शिलगावला. दाट, पिवळसर धूर वर चढला. मास्तर त्यात पुरते दिसेनासे झाले. आत फक्त खोकला ऐकू येत होता.

धूर विरला तेव्हा मास्तर जागच्या जागी उभे होते. कोणी त्यांस धरून नेले नव्हते. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कुंडलिक पाटलांनी आपल्या वाफ्याकडे गोवरी नेली, आणि घटकाभरात खोऱ्यात जागोजाग धुराच्या रेघा उठल्या. संध्याकाळच्या आत पालीच्या बाजूसही त्या दिसू लागल्या.

मास्तर बांधावर बसले. डोळ्यांतून पाणी येत होते. ते कशाचे, हे धुरामुळे सांगता येत नव्हते. गेनबा शेजारी येऊन टेकला.

“मास्तर, येक इचारू? तुमी त्या दिशी म्हनलासा, झाडं त्योच वायू खात्यात.”

“हो.”

“मंग ह्यो पाला आईनाच्या झाडानं औंदा वारं खाऊनच काढला. म्या तोडला, तुमी जाळला, वर गेला. फुडल्या साली आईन पुन्यांदा फुटंल तवा त्येच खानार. ह्यात वाकळ कुठं जाड झाली? हितलं हितंच फिरलं की!”

मास्तरांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. तीस वर्षांत हजार मुले हाताखालून गेली. सूत्र ऐकून त्याच्या पुढचे पाऊल स्वतः टाकणारा विद्यार्थी आज भेटला, आणि तोही पागोट्यात राख माखलेला. देवळापुढे आपण म्हणालो होतो की धूर तितका सारखाच. पंडिताचे ते वाक्य चूक होते, आणि राब भाजणाऱ्याने ते दुरुस्त केले होते.

“खरं आहे, गेनबा. मीच चुकलो. वाकळ जाड होते ती दगडी कोळशानं. तोही झाडांचाच, पण मनुष्य जन्मण्याच्या कितीतरी आधी जी अरण्यं जमिनीत गाडली गेली, त्यांचा.”

गेनबाने बांधावरचे एक ढेकूळ फोडले. “म्हंजे ज्या झाडांचं हाय, त्ये माघारी घ्यायला ती झाडंच ऱ्हायली न्हाईत.”

“नाही राहिली.”

“आन त्ये जाळनारं तिकडं विलायतंत.”

“बहुतेक तिकडे. इकडेही गिरण्या निघत आहेत.”

“त्यास्नी कुनी सांगितलं का?”

मास्तरांनी जळक्या उपरण्याने डोळे पुसले. समोर राब शांतपणे धुमसत होता. अंगाची आग होत होती, पाठ मोडून आली होती, आणि परतीच्या वाटेवर भिमा दांडा घेऊन उभा असणार होता.

“नाही,” ते म्हणाले. “त्यासाठी अर्ज करावा लागेल.”

पलीकडून जाणारे कुंडलिक पाटील हे ऐकून थांबले.

“करा मास्तर, जरूर करा,” ते कळवळून म्हणाले. “पर ह्या खेपंला मोडीत नगा लिवू.”